१ जुलै ते १५ ऑगस्ट

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, घटनेत सगळ्यात रटाळ काही असेल तर ते कलम ११४." तू कॉलेजला निघाली होतीस, म्हणून तेव्हा बोललो नाही. पण सरकारच्या खर्चाला संसदेची मंजुरी लागते, ती याच कलमातून; ३१ वर्षं लेखा विभागात काढलेल्या माणसाला ते लागलं.

अशा मंजुरीने काय होऊ शकतं, ते कळावं म्हणून कंबोडियाचं सांगतो. १८ मार्च १९६९ला अमेरिकेची बी-५२ ही बॉम्बफेकी विमानं तिथे चोरून बॉम्ब टाकू लागली. बहुतेक खासदारांना पत्ताच नव्हता. नोंदीत ठिकाण दक्षिण व्हिएतनाममधलं दाखवायचं, खरे कागद जाळायचे. मेजर हॅल नाइट यांनी हे स्वतःच्या हातांनी केलं होतं. जुलै १९७३मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांनी ते सांगितलं. खोट्या नोंदी मीही पाहिल्यात. कुठे सिमेंटची पोती, कुठे हजेरीपटावरचं नाव. इथे त्या नोंदींखाली माणसं होती.

जानेवारी १९७३मध्ये पॅरिसला व्हिएतनामचा करार झाला, अमेरिकी सैन्य परतू लागलं. कंबोडियावरचा मारा मात्र वाढला. पैसे पुरेनात, तेव्हा संरक्षण खात्याने एका शीर्षाखालची रक्कम दुसरीकडे वळवायची परवानगी मागितली. आमच्या भाषेत पुनर्विनियोजन. खासदारांनी नेमके तिथेच पाय रोवले. १० मेला प्रतिनिधिगृहाने २१९ विरुद्ध १८८ मतांनी नकार दिला. जूनमध्ये दोन्ही सभागृहांनी निधीच तोडला, तर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी २७ तारखेला नकाराधिकार वापरला. तो मोडायला दोन तृतीयांश मतं जमली नाहीत. मग तडजोड झाली: १५ ऑगस्टपासून एक डॉलरही नाही. जमिनीवरच्या लढाईला नाही, आकाशातल्याही नाही. आणि याआधी मंजूर झालेल्या पैशातूनसुद्धा नाही! हा शेवटचा तुकडा ज्याने घातला त्याला हिशेब कळत होता. एरवी जुन्या शिलकीतून विमानं उडतच राहिली असती.

पण त्या तारखेपाशी मी दरवेळी अडतो. १ जुलैला सही झाली आणि पुढचे ४५ दिवस बॉम्ब पडत राहिले. एलिझाबेथ होल्ट्झमन ही ३१ वर्षांची खासदार, तुझ्यासारखीच कायदा शिकलेली, न्यायालयात गेली. २५ जुलैला न्यायाधीश ऑरिन जड यांनी बॉम्बफेक घटनाबाह्य ठरवली; त्यांच्या आदेशाला वरच्या न्यायालयाने स्थगिती दिली. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचे न्या. डग्लस यांनी ती स्थगिती उठवली, आणि त्याच दिवशी बाकीच्या न्यायमूर्तींनी त्यांचा आदेश फिरवला. ६ ऑगस्टला एका बी-५२ने चुकून नेआक लुओंगवर बॉम्ब टाकले. ते गाव अमेरिकेच्याच मित्रांच्या ताब्यात होतं. १३७ माणसं गेली. नऊ दिवस उरले होते, मनू.

बॉम्ब थांबले म्हणून कंबोडिया वाचला, असंही नाही. १७ एप्रिल १९७५ला ख्मेर रूज हे तिथले कम्युनिस्ट बंडखोर राजधानी नोम पेन्हमध्ये शिरले. पुढचा नरसंहार तुला माहीत आहे. तरी मोर्चे, भाषणं, खटले यांनी जी विमानं थांबली नव्हती, ती शेवटी खर्चाच्या एका कलमाने थांबली.

आता कलम ११४ पुन्हा काढ, शेजारी २६६(३) ठेव. कायद्याने मंजूर केल्याशिवाय संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, पैसा निघत नाही, हे आपल्याकडेही तसंच लिहिलेलं आहे.

रविवारी फोन कर. त्या खासदारांनी ४५ दिवस का कबूल केले असतील, आणि तू तिथे असतीस तर मत कुठल्या बाजूला टाकलं असतंस, हे मला ऐकायचंय.

तुझा,
बाबा