सासूबाईंचं मत उभ्या बाटलीला!

संपादक महोदय, स. न.

कालचा अग्रलेख वाचला. दारू महागली की पिणं कमी होतं, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते, हे पटलं. पण 2025 च्या जूनमध्ये सरकारनं कर वाढवला तो 14 हजार कोटी जादा मिळावेत म्हणून. त्यात आरोग्य कुठं आलं? त्यानंतरही देशीची चपटी 80 रुपयांत मिळत होतीच. आमच्या गल्लीतले दोघे-तिघे विदेशीवरून देशीवर उतरले, एवढाच फरक.

असो. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘महिलांच्या हाती आडव्या बाटलीचं हत्यार आहेच.’ म्हणजे दारू दुकानावरचं मतदान: आडवी बाटली दुकान बंद करायला, उभी चालू ठेवायला. हे लिहिणाऱ्यानं कधी दारोदार सह्या गोळा केल्यात काय?

मी केल्यात. दहा-बारा वर्षं झाली. गावातल्या देशीच्या दुकानाविरुद्ध मतदान घ्यायला आधी 25 टक्के बायकांच्या सह्या हव्या होत्या. मग पडताळणी. साहेब एकेकीला विचारणार, सही तुमचीच का? नवरा दारात उभा असला की बाई गप्प. तरी निभावलं. मतदानादिवशी भांगलण टाकून बायका आल्या. आडव्या बाटलीला मतं ढिगानं पडली, उभीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि आम्ही हरलो! का, तर यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त हव्यात. 19 कमी पडल्या.

रात्री यादी घेऊन बसले. आमच्या सासूबाई जाऊन तीन वर्षं झालेली, नाव तसंच. एक नणंद इचलकरंजीला दिलेली, दुसरी निपाणीला, दोघींची नावं तशीच. घरोघरी हीच गत. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या पदरात. सासऱ्यांच्या दारूपायी जिनं जन्मभर कपाळ बडवलं, तिनं मेल्यावर दुकान वाचवलं म्हणायचं. आमदारांना कधी हा हिशेब लावलाय? ते पडलेल्या मतांवरच निवडून येतात की.

आणि ज्या कायद्याखाली हे परवाने वाटतात, त्याचं नाव ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’. हसावं की रडावं?

जाता जाता, आषाढ अमावस्येला पहिल्या पानावर मटणाच्या रांगेचा रंगीत फोटो आणि ‘गटारीची धूम’ छापता, ते यंदा तरी आतल्या पानावर घ्या. आमच्याकडं त्या दिवशी दिवे पुजतात.

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका, ता. करवीर, जि. कोल्हापूर