‘बेंगाल’ मायनस्वीपर होती, हे विसरू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

११ नोव्हेंबरच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत ‘एचएमआयएस बेंगाल’ या मायनस्वीपरवर, म्हणजे समुद्री सुरुंग काढणाऱ्या नौकेवर, लेख आला. दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय नौदलाची आठवण सहसा कोणी काढत नाही, म्हणून लेखाचे स्वागतच आहे. मात्र त्यात दोन चुका आहेत आणि एक गोष्ट राहूनच गेली आहे. ही राहिलेली गोष्ट मला चुकांपेक्षा महत्त्वाची वाटते.

पहिली चूक लढाईची. ‘बेंगाल’ने एकटीने दोन जपानी क्रूझरांशी झुंज दिली आणि एक बुडवली, असे लेखात म्हटले आहे. समोरची होकोकू मारू आणि आयकोकू मारू ही मुळात प्रवासी-मालवाहू जहाजे. त्यांच्यावर तोफा आणि टॉर्पेडो नळ्या चढवून जपान्यांनी त्यांना व्यापारी जहाजांच्या शिकारीला सोडले होते. क्रूझरचे चिलखत त्यांना नव्हते. तरीही प्रत्येकीचे आकारमान दहा हजार टनांच्या पुढे, आणि ‘बेंगाल’ सहा-सातशे टनांची, १८६ फूट लांब. तिच्या नाळेकडे १२ पौंडी तोफ होती, म्हणजे जेमतेम पावणेसहा किलोचा गोळा. समोरून येणारा गोळा त्याच्या किमान सहापट जड. जोडीला २० मिमीच्या तीन ऑर्लिकॉन तोफा. त्या विमानांसाठी, जहाजासाठी नव्हेत.

ती एकटीही नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे निघालेल्या ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाची ती राखण करत होती. कोकोस बेटांच्या नैऋत्येला, भर समुद्रात, १९४२ च्या ११ नोव्हेंबरला दुपारी शत्रू दिसला. लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन यांनी ‘ओंडिना’ला निसटायला सांगितले आणि आपली नौका थेट होकोकू मारूवर घातली. ‘ओंडिना’ मात्र निसटली नाही. तिच्या पिछाडीला ४ इंची तोफ होती आणि अवघे ३२ गोळे. तिनेही मारा सुरू केला. होकोकू मारूच्या उजव्या बाजूच्या टॉर्पेडो नळ्यांजवळ गोळा बसला, आग लागली, स्फोट झाले आणि ती बुडाली. तो गोळा कोणाचा, यावर आजही एकमत नाही. १४ किलोचा गोळा आणि पावणेसहा किलोचा गोळा शेजारी ठेवून पाहिले, तर ‘ओंडिना’चा दावा मला जड वाटतो. त्याने ‘बेंगाल’चे काही कमी होत नाही. दारूगोळा संपत आल्यावर ती धुराच्या पडद्याआड निघून गेली आणि एकही माणूस न गमावता दिएगो गार्सियाला पोहोचली. विल्सन यांना डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळाले. ‘ओंडिना’चे कप्तान हॉर्समन मात्र त्या माऱ्यात गेले. जहाजाला टॉर्पेडो लागले, खलाशी होड्यांत उतरले, आणि शत्रू निघून गेल्यावर परत चढून, आग विझवून त्यांनी ते फ्रीमँटलला नेले. श्रद्धांजलीपर लेखात या माणसांना निदान एक परिच्छेद मिळायला हवा होता.

दुसरी चूक छायाचित्राखालच्या ओळीत. नौकेच्या पिछाडीला ठेवलेल्या, लांबट, दोन्हीकडे निमुळत्या वस्तूंना तिथे ‘टॉर्पेडो’ म्हटले आहे. ‘बेंगाल’वर टॉर्पेडो नव्हते. ते ओरोपेसा स्वीपचे, म्हणजे सुरुंग कापायला मागे ओढायच्या तारेचे, तरंगते फ्लोट. राहून गेलेली गोष्ट ती हीच. ही नौका ज्या कामासाठी बांधली, त्याचा लेखात एकही शब्द नाही.

ऑस्ट्रेलियात बाथर्स्ट वर्गाच्या ६० नौका बांधल्या गेल्या. त्यांतल्या चार भारतासाठी: बेंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. (‘बॉम्बे’ तर ३१ मे १९४२ च्या रात्री, जपानी बुटक्या पाणबुड्या सिडनी बंदरात घुसल्या तेव्हा तिथेच होती.) तळ पाण्यात साडेआठ फूट, वेग १५ नॉट. सुरुंग काढायच्या नौकेला तळ उथळच लागतो. नांगराला बांधलेला सुरुंग पृष्ठभागाखाली काही फुटांवर तरंगत असतो, आणि साफ न केलेल्या पाण्यात सर्वांत आधी जाणाऱ्या नौकेचा तळ त्याच्या वरून निघून जायला हवा. म्हणूनच असे काम शक्यतो भरतीच्या पाण्यात करतात. ओहोटीला सुरुंगाची खोली तितकी कमी होते आणि हाच हिशेब उलटा पडतो.

ओरोपेसा पद्धत थोडक्यात अशी. पिछाडीच्या विंचवरून पाचशे यार्डांच्या आसपास, म्हणजे अडीचशे वाव, पोलादी तार बाजूला सोडायची. तारेच्या लांबच्या टोकाला ऑटर. ही तिरप्या फळ्यांची चौकट पाण्याच्या दाबाने तारेला बाहेर खेचते. ऑटरच्या डोक्यावर तो फ्लोट, झेंडा लावलेला. तार कुठवर पसरली आणि ऑटर किती खोल आहे, हे त्याच्यामुळे कळते. नौकेजवळच्या टोकाला काईट. तीही फळ्यांचीच, पण ती तारेला खाली दाबते. काईटची तार आणि फ्लोटचा दोर जितका सोडाल तितकी स्वीपची खोली. मुख्य तार साधी नसते. तिचे पीळ असे घातलेले असतात की ती करवतीसारखी घासत जाते, आणि टोकाकडे पोलादी कातऱ्या बसवलेल्या असतात. सुरुंगाची नांगरतार स्वीपच्या तारेवरून घसरत कातरीत जाते, तुटते आणि सुरुंग वर येतो.

वर आलेल्या सुरुंगाचे काय? १९०७ च्या हेग करारानुसार नांगर तुटताच तो निकामी व्हायला हवा. कागदावर. प्रत्यक्षात तो जिवंतच आहे असे धरायचे. लांबून रायफलीने किंवा ऑर्लिकॉनने पत्र्याला भोके पाडायची, म्हणजे पाणी भरून तो बुडतो. गोळी सुरुंगावरच्या शिंगासारख्या टोकाला लागली तर स्फोट होतो, म्हणून पुरेसे अंतर राखायचे. शिंगात आम्लाने भरलेली काचनळी असते. ती फुटली की आम्ल बॅटरीत उतरते, वीज तयार होते आणि ठिणगी पडते. या रचनेला गंज लवकर लागत नाही, म्हणून असे सुरुंग युद्ध संपल्यावर कित्येक वर्षांनीही फुटले आहेत.

एकट्या नौकेने हे काम होत नाही. नौका तिरक्या रांगेत चालतात. मागची नौका पुढचीने साफ केलेल्या पट्ट्यातच राहते, त्यामुळे अस्पर्श पाण्यात फक्त पहिली. दोन पट्टे एकमेकांवर चढलेले असावे लागतात, नाहीतर मधे फट राहते. म्हणून मागून येणारी ट्रॉलर ही छोटी जहाजे साफ पट्ट्याच्या कडेला खुणेसाठी झेंड्यांचे डॅन बोये टाकत जातात. बिघडते ते बहुतेक इथे. आडवा प्रवाह सगळी रांग हळूहळू सरकवतो आणि बोयावर नजर नसेल तर पट्टा चढत नाही. वळण घेताना आतल्या बाजूच्या ऑटरचा वेग पडतो, तो खाली बसतो, तार तळाला घासते आणि तुटते. शत्रूही स्वस्थ नसतो. नांगरतारेऐवजी साखळी घातली तर कातरीला ती तुटत नाही; उलट स्वीपची तारच कापणारे काटे वेगळे टाकून ठेवतात. सर्वांत वाईट वेळ तार परत ओढताना येते. ऑटरमध्ये अडकलेला सुरुंग विंचवर येत येत पिछाडीखाली पोहोचतो. विंचवाल्या खलाशाची नजर त्या वेळी तारेवरून हलता कामा नये. काही काळे आणि गोल दिसले की विंच थांबवून तार परत सोडायची, आणि नाइलाज झाला तर सगळा स्वीपच तोडून द्यायचा.

लोहचुंबकीय सुरुंग आल्यावर ही तार पुरेशी राहिली नाही. तो तळाशी पडून राहतो. कापायला नांगरतारच नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये इंग्लंडमधल्या शूबरीनेसच्या चिखलात असा एक जर्मन सुरुंग सापडला. ब्रिटिश नौदलाचे लेफ्टनंट कमांडर औव्हरी यांनी तो उघडला आणि वरून जाणाऱ्या पोलादाने आतली सुई हलते, तिनेच स्फोट होतो, हे कळले. त्यावरची डबल-एल पद्धत म्हणजे शेजारी चालणाऱ्या दोन नौका. प्रत्येकीच्या मागे एक लांब आणि एक आखूड अशा दोन तरंगत्या केबली, आणि परिपथ समुद्राच्या पाण्यातून पुरा होतो. सुमारे ३००० अँपिअर वीज पाच सेकंद सोडायची, मिनिटभर थांबायचे, पुन्हा सोडायची. एका झटक्यात दहाएक एकर पाणी निघते. दोन्ही नौकांचा झटका एकाच क्षणी लागला नाही तर मधले क्षेत्र कमजोर पडते. ८ नॉट वेगाने नौका मिनिटाला सुमारे २५० मीटर पुढे जाते. वेग वाढवला तर दोन झटक्यांत न साफ झालेली पट्टी राहते. शिवाय अनेक सुरुंगांत मोजणी यंत्र असे. पहिली काही जहाजे जाऊ द्यायची आणि नंतरच्या एकाखाली फुटायचे. म्हणून ‘एकदा फिरवले, झाले’ असे कधी नसते. तोच मार्ग पुन:पुन्हा झाडावा लागतो.

मायनस्वीपरला स्वतःचे चुंबकत्वही लपवावे लागते. त्यासाठी कवचाभोवती तांब्याच्या केबलीचे वेढे घालून त्यांत वीज सोडतात. ही वीज एकदा लावून विसरायची नसते. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा उभा घटक दक्षिणेकडे उलट दिशेचा असतो. सिडनीत बांधलेली ‘बेंगाल’ची जात मुंबईच्या पाण्यात यायची म्हणजे चुंबकीय विषुववृत्त ओलांडायचे, आणि ते भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. (थुंबा रॉकेट केंद्रासाठी निवडले गेले ते याच कारणाने.) वेढ्यांतल्या विजेचा हिशेब तेव्हा नव्याने करावा लागतो.

हे सगळे आपल्यापासून दूरचे वाटत असेल तर १९१७ आठवावे. त्या फेब्रुवारीत ‘वोल्फ’ या जर्मन जहाजाने मुंबईबाहेर सुरुंग पेरले. ते सुरुंग फेब्रुवारीत पडले आणि पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीचे ‘मंगोलिया’ जहाज त्यांतल्या एकावर बुडाले २३ जूनला, ऐन पावसाळ्यात. जहाज एक, रात्र एक, पण बंदराला त्रास महिनोन्‌महिने. दुसऱ्या युद्धात भारतीय नौदलाकडे बाथर्स्टच्या जोडीला बँगर वर्गाच्या मायनस्वीपर आल्या. त्यांत ‘कोकण’, ‘रोहिलखंड’, ‘राजपुताना’ ही नावे होती. मे १९४५ च्या रंगून मोहिमेत नदीच्या तोंडाशी जे सुरुंग काढावे लागले, त्यांत दोस्तांच्याच विमानांनी टाकलेलेही होते. या कामावर पुरवणीत लेख येत नाही, कारण त्यात बुडालेले शत्रूचे जहाज दाखवता येत नाही.

आजची स्थितीही वाचकांना सांगायला हवी. भारतीय नौदलाची शेवटची मायनस्वीपर ‘आयएनएस कोझिकोड’ २०१९ मध्ये निवृत्त झाली. गोव्यात अशा १२ नौका बांधण्याचा प्रस्ताव त्याआधीच, २०१८ मध्ये बारगळला होता. जुलै २०२५ मध्ये संरक्षण सामग्री परिषदेने नव्या नौकांना तत्त्वतः मंजुरी दिली आहे. पण मंजुरी आणि पाण्यात उतरलेली नौका यांत बरीच वर्षे जातात. पुढच्या ११ नोव्हेंबरला ‘बेंगाल’वर लिहाल तेव्हा होकोकू मारूच्या जोडीने या प्रस्तावाचे काय झाले, हेही संबंधितांना विचारावे. आणि तोवर छायाचित्राखालची ती ‘टॉर्पेडो’ची ओळ तेवढी दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक