संशोधकांच्या नावांची नोंदवही आपल्या हाती हवी: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: मराठीतील संशोधनाची खुली संदर्भसूची राज्याने उभारण्याबाबत.

सन्माननीय मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. प्राध्यापकांच्या पदोन्नतीची फाइल तयार होऊ लागली की पेपर स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या शोधलेखांच्या जागतिक नोंदवह्यांत दिसतो का, सायटेशन किती, म्हणजे इतरांनी त्याचा संदर्भ किती वेळा दिला, याच्या प्रिंट काढून देणे हे माझे काम. उच्च शिक्षणसंस्थांच्या केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीतही प्रकाशनांचे आणि सायटेशनचे आकडे याच दोन ठिकाणांहून घेतले जातात. म्हणजे प्राध्यापकाची योग्यता आणि संस्थेचा क्रमांक आपण ज्या दोन नोंदवह्यांवर ठरवतो, त्या एल्सव्हियर आणि क्लॅरिव्हेट या परदेशी खासगी कंपन्यांच्या मालकीच्या आहेत. देशादेशांतले संबंध बिघडले तर या वह्या एखाद्या देशासाठी मिटतात, हे आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. म्हणून हे पत्र.

मे २०१२मध्ये रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी एक फर्मान काढले. वेब ऑफ सायन्समध्ये नोंदल्या जाणाऱ्या जगभरच्या लेखांत रशियाचा वाटा २०१५पर्यंत २.४४ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट त्यात होते. त्यानंतर तिथली विद्यापीठे, अनुदाने, नेमणुका सगळे याच आकड्याभोवती फिरू लागले. पुढे फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. क्लॅरिव्हेटने रशियातला व्यवसाय थांबवला, वेब ऑफ सायन्सचे दार बंद झाले, पाठोपाठ स्कोपसचेही. अशा नोंदीत लेख असलाच पाहिजे ही अट मार्च २०२२मध्येच रशियन सरकारला स्थगित करावी लागली. त्या आक्रमणाचे समर्थन मी कधीही करणार नाही. युक्रेनच्या विद्यापीठांचे, ग्रंथालयांचे आणि माणसांचे झालेले नुकसान कोणत्याही नोंदवहीपेक्षा फार मोठे आहे. मला दाखवायचे आहे ते एवढेच की एका मोठ्या देशाने आपल्या विद्वत्तेचे मोजमाप स्वतःच्या सहीने परक्या कंपनीकडे सोपवले आणि दहा वर्षांत ते मोजमाप हातातून गेले.

त्याच वर्षी जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत जे घडले ते आपल्याला अधिक जवळचे आहे. तिथल्या मोठ्या प्रयोगांतल्या एकेका लेखावर हजारोंनी लेखक असतात. सीएमएस प्रयोगाच्या यादीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, पुण्याची आयसर ही विज्ञानसंस्थाही आहे. मार्च २०२२पासून प्रश्न उभा राहिला, की या याद्यांत रशियन संस्थांची नावे छापायची की नाही. रशियातल्या कुलगुरूंच्या संघटनेने युद्धाला जाहीर पाठिंबा दिला होता. अशा संस्थांच्या शेजारी आपले नाव नको, असे युक्रेनच्या काही शास्त्रज्ञांचे म्हणणे होते आणि त्यांची वेदना समजण्यासारखी आहे. दुसरीकडे, अनेक वर्षे यंत्रापाशी राबलेल्या माणसाचे नाव त्याच्या पासपोर्टमुळे गाळायचे का, हाही प्रश्न तितकाच खरा होता. एकमत होईना. मग लेख लेखकांच्या यादीविना ऑनलाइन येऊ लागले आणि नियतकालिकांकडे जायचे थांबले. जवळपास वर्षभर हे चालले. यात भरडले गेले ते तरुण संशोधक, कारण नोकरीच्या अर्जात दाखवायला त्यांच्याकडे दुसरे काही नसते. युद्धाशी काडीचा संबंध नसलेल्या देशांतले संशोधकही त्यात आले.

२०२३मध्ये तोडगा निघाला. संशोधकाचे नाव छापायचे, सोबत त्याचा ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाची कायमची ओळख सांगणारा क्रमांक, द्यायचा. मात्र रशियन आणि बेलारूसी संस्थेच्या नावाऐवजी ‘सर्नशी सहकार्य करार असलेल्या संस्थेशी संलग्न’ एवढेच लिहायचे. नाव राहिले, पत्ता गेला. मला हा तोडगा योग्य वाटतो. सरकारच्या कृत्याची शिक्षा लेखकाच्या नावाला होऊ नये, ही किमान मर्यादा त्यात पाळली गेली. पण ती पाळायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो हेही त्यातून दिसले.

असे प्रकार याआधीही झाले आहेत. २००३मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने सांगितले, की इराणसारख्या निर्बंधाखालच्या देशातून आलेल्या लेखाचे संपादन करणे, त्याची भाषा सुधारणे ही ‘सेवा’ आहे आणि तिला सरकारी परवाना लागेल. विद्वानांच्या संघटनांनी विरोध केला आणि २००४मध्ये ती अट सैल झाली. २०१९च्या मेमध्ये विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हुवावे या चिनी कंपनीच्या कर्मचाऱ्यांना लेख तपासण्यापासून दूर ठेवले, आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत तो निर्णय मागे घेतला. रशियाने युक्रेनकडून बळकावलेल्या क्रिमियातल्या संशोधकाने पत्त्यात रशिया लिहायचे की युक्रेन, हा वाद २०१४पासून आहे. चिनी लेखकांच्या शोधनिबंधांत दक्षिण चीन समुद्रावर चीनचा हक्क सांगणारा नऊ तुटक रेषांचा नकाशा येऊ लागला, तेव्हा विषय हवामानाचा किंवा लोकसंख्येचा असूनही व्हिएतनामी शास्त्रज्ञांनी संपादकांकडे तक्रारी केल्या. आणि संदर्भांचे सर्वांत काळे पान १९३६चे आहे. त्या वर्षी जर्मनीत भरलेल्या कायदेपंडितांच्या परिषदेत नाझी पक्षाच्या कार्ल श्मिटने मागणी केली, की ज्यू लेखकाचा संदर्भ द्यायचाच असेल तर तो ज्यू आहे असे तिथे नमूद करावे. तळटीप ही निरुपद्रवी जागा आहे, असे त्यानंतर कोणी म्हणू नये.

‘आपला भारत कुठे त्या यादीत?’ असे कोणी विचारील. मुंबईच्या ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र १९९८च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेच्या निर्बंध-यादीत गेले आणि त्यातून बाहेर आले ते जानेवारी २०२५मध्ये. एका पिढीची नोकरी त्यात पार पडली. आज संबंध बरे आहेत म्हणून उद्याची चिंता नको, असे महाराष्ट्राने तरी म्हणू नये.

आता मूळ मुद्दा. बाहेरची वही उद्या बंद होईल ही एक भीती झाली. पण मराठीसाठी ती आजही बंदच आहे. १९४७मध्ये सुरू झालेले, वाईहून निघणारे ‘नवभारत’, मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’, अर्थशास्त्राचे ‘अर्थसंवाद’ यांतल्या लेखावर कोणी दहा वर्षे घालवली असली, तरी माझ्या प्रिंटमध्ये शून्य येते. राजवाड्यांनी १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. त्याच्या प्रकाशनांतली साधने वापरून परदेशात इंग्रजी ग्रंथ लिहिले जातात. त्या ग्रंथांची सायटेशन मोजली जातात, साधने शोधून छापणाऱ्यांची मोजली जात नाहीत. माझ्याकडे येणारे इतिहासाचे आणि समाजशास्त्राचे तरुण प्राध्यापक म्हणूनच मराठीत लिहायचे सोडून देतात. ज्या गावांचा अभ्यास केला त्या गावांना वाचता न येणारा पेपर काढतात आणि कधी कधी तो काढण्यासाठी पैसेही भरतात. हे पाहून मला फार वाईट वाटते.

विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसीची) मान्य नियतकालिकांची केअर यादी होती तोवर काही मराठी नियतकालिकांना तिच्यात जागा होती. त्या यादीत घोटाळे होते, खऱ्या नियतकालिकांच्या नावाने नकली संकेतस्थळे निघत, हे खरे आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये यादी बंद झाली आणि निकष ठरवण्याचे काम संस्थांवर आले. संस्था काय करणार? सोपे असते ते करतात, पुन्हा स्कोपसच विचारतात. केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये देऊन ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आपल्यासाठी खुली केली. ग्रंथपाल म्हणून मी या योजनेचे मनापासून स्वागत करतो. माझ्या विद्यार्थ्यांना पूर्वी न मिळणारे लेख आता मिळतात. पण ही सोय जगाचे वाचण्याची झाली. आपण मराठीत लिहिलेले जगाला सापडेल, अशी सोय त्यात नाही.

ब्राझीलने हे काम १९९८पासून केले आहे. सायलो नावाची त्यांची सूची पोर्तुगीज आणि स्पॅनिश नियतकालिकांचे लेख पूर्णपणे खुले ठेवते आणि कोणी कोणाचा संदर्भ दिला हेही मोजते. पुढे वेब ऑफ सायन्सलाच सायलोची सूची आपल्यात सामावून घ्यावी लागली. चीनने २०२०मध्ये परदेशी नोंदवहीतल्या लेखसंख्येवर बढत्या देणे कमी करण्याचे आदेश काढले. चीनची बंदिस्त पद्धत मला नको आहे. कुंपण घालून आपणच आपली पाठ थोपटत बसलो तर त्यातून विद्या वाढत नाही. ब्राझीलची खुली वाट मात्र आपल्याला सहज पेलेल.

रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे आणि ते आपल्याच खात्याखाली येते. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तो ऑक्टोबर २०२४मध्ये. या विद्यापीठाकडे मराठी संशोधनाची खुली संदर्भसूची सोपवा. प्रत्येक लेखाला कायमचा डिजिटल क्रमांक मिळावा. लेखकाचे नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये असावे आणि सोबत ऑर्किड क्रमांक असावा, कारण आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव पूर्ण की आद्याक्षर, लग्नाआधीचे की नंतरचे, यात एकाच बाईंच्या तीन लेखिका झालेल्या मी पाहिल्या आहेत. लेखाखालचे संदर्भही नोंदले जावेत. जुने अंक स्कॅन व्हावेत. ही माहिती कोणालाही उतरवून घेता यावी आणि तिच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी असाव्यात, म्हणजे ती वही कोणत्याही एका सरकारच्या, आपल्याही सरकारच्या, मर्जीवर राहणार नाही. कोणते नियतकालिक घ्यायचे हे विषयातल्या जाणत्यांच्या समितीने ठरवावे आणि नाकारल्यास कारण जाहीर करावे. पैसे घेऊन आठ दिवसांत लेख छापणाऱ्यांना तिथे जागा नको.

राज्यातल्या विद्यापीठांना आपण असेही सुचवू शकता, की मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या निवड समितीने उमेदवाराचे दोन-तीन लेख प्रत्यक्ष वाचावेत आणि मराठी लेखाला इंग्रजी लेखाइतकेच मोल द्यावे. एनआयआरएफमध्ये भारतीय भाषांतले संशोधन मोजले जावे, यासाठी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाला राज्याच्या वतीने पत्र लिहावे. तमिळ, बंगाली, कन्नड यांचीही तीच अडचण आहे, त्यामुळे या मागणीला इतर राज्यांची साथ मिळू शकेल.

या कामाला राज्यभरातले ग्रंथपाल लागतील. नियतकालिकांचे जुने बांधीव खंड आमच्याच कपाटांत आहेत आणि कोणता अंक कुठे आहे हे आम्हाला ठाऊक आहे. शासन निर्णय निघाला तर माझ्या जिल्ह्यातल्या खंडांची यादी करून देण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला नम्र,
एक महाविद्यालयीन ग्रंथपाल