कॅमेरोच्या इंजिनापासून टायरपर्यंत साथ देणाऱ्या काकांना थँक्यू

काका, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अरे त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितोय, आणि ज्यांना जुनी मसल कार बांधायचीय त्यांनाही कळू दे तुम्ही काय काय सांगितलंत ते.

माझी 1969 ची कॅमेरो, म्हणजे शेवर्लेची जुनी मसल कार, ओरिजिनल इंजिन कधीच गेलेलं. मी तुम्हाला विचारलं 350 स्मॉल ब्लॉकला (350 घनइंचाचं शेवी व्ही8 इंजिन) कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कोणता टाकू, तर तुम्ही म्हणालात कॅमचं नंतर, आधी सांग गाडी चालवणार कुठे आणि मागे टायर कोणते. डेट्रॉईटच्या आसपास इतकी वर्षं इंजिनांत घालवलेला माणूस टायरपासून सुरुवात करतोय याचं मला फार नवल वाटलं, पण मग तुम्ही कागदावर हिशोब मांडलात. 235/60आर15 चा टायर म्हणजे उंची साधारण 26 इंच, गिअरबॉक्स तीन स्पीडचा ऑटोमॅटिक टर्बो 350, ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिन हळू फिरवणारा वरचा गिअर) नाही, मग मागच्या अ‍ॅक्सलला 3.73 चा गिअर टाकला की ताशी 70 मैलाला इंजिन 3300 आरपीएमच्या वर ओरडत बसणार आणि 3.08 ठेवला तर 2800 च्या आत. मला बायकोमुलांना घेऊन लांब जायचंय, ड्रॅग स्ट्रिपवर नाही. तिथेच निम्मे निर्णय झाले.

कॅमचंही तसंच. ती धडधडणारी आयडल (गाडी उभी असतानाचं इंजिनाचं संथ फिरणं) मला फार आवडते आणि ते तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही नाही म्हणाला नाहीत, फक्त समजावलंत की मोठ्या कॅमने आयडलला व्हॅक्यूम कमी होतो, मग पॉवर ब्रेकच्या बूस्टरला काय मिळणार, आणि ऑटोमॅटिकला जास्त स्टॉलचा (म्हणजे जास्त आरपीएमला पकड घेणारा) कन्व्हर्टर घ्यावा लागणार तो वेगळाच. शेवटी मी मधला कॅम घेतला आणि मनापासून घेतला.

व्होर्टेक सिलिंडर हेड्स तर तुम्हीच सुचवलीत, नव्वदच्या दशकातल्या शेवी ट्रकची, 64 सीसी चेंबर, लोखंडी, पण हवा काय मस्त ओढतात! त्यांना जुना 12 बोल्टचा इंटेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरखालचा, हवा-पेट्रोल हेड्सकडे नेणारा भाग) बसत नाही, 8 बोल्टवाला वेगळा घ्यावा लागतो, आणि स्प्रिंग न बदलता जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम टाकला तर व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिटेनर व्हॉल्व्हच्या सीलवर आपटतो, हे आधी कळलं म्हणून पार्ट्स एकदाच मागवले. कार्ब्युरेटरचं गणित मी आता दुसऱ्यांना सांगतो: 350 घनइंच गुणिले जास्तीत जास्त 5500 आरपीएम, भागिले 3456, येतात 557 सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), तेही इंजिन शंभर टक्के भरलं तर, मग 600 चा पुरतो, 750 ची गरजच नाही.

टायरबद्दल मात्र जास्त लिहायला हवं, कारण त्याबद्दल लोक बोलतच नाहीत. एकाकडे रॅली व्हील्स (शेवीची जुन्या स्टाइलची स्टीलची चाकं) टायरसकट स्वस्तात मिळत होती, नक्षी अगदी नवी. तुम्ही खाली वाकून साइडवॉलवरचे डॉट (DOT) कोडचे शेवटचे 4 आकडे वाचलेत, पहिले 2 आठवड्याचे, नंतरचे 2 वर्षाचे, आणि सांगितलंत की चाकं घे, टायर फेकून दे, रबर म्हातारं झालंय. पुढे जुन्या पद्धतीचे, तिरप्या थरांचे बायस प्लाय टायर आणि मागे रेडियल असलं मिश्रण कधीच करायचं नाही हेही तेव्हाच. पांढऱ्या अक्षरांचे टायर मला हवे होते, ते घेतले, पण त्यांना एस रेटिंग, म्हणजे ताशी 112 मैलाची मर्यादा, ती लक्षात ठेव असं तुम्ही दोनदा बजावलंत.

आणि फ्लॅट टॅपेट कॅमसाठी (ज्याचे लिफ्टर रोलरशिवाय थेट कॅमवर घासतात) झिंकवालं तेल, पहिल्यांदा स्टार्ट झाल्यावर आयडलला न सोडता 2000 आरपीएमच्या वर वीसेक मिनिटं, तेव्हा तुम्ही स्वतः थंडीत गॅरेजमध्ये उभे राहून ऑइल प्रेशरवर नजर ठेवलीत. एवढं कोण करतं काका?

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉईटजवळच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, गाडी नेतोय. पुढची सीट तुमची, काकूंनाही आणा, मागे जागा आहे. कार्ब्युरेटर अजून थोडा रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) चालतोय, तेवढं जाण्याआधी एकदा बघाल का?