पाटण रस्त्यावरच्या वायरमन दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही वायरिंग दुरुस्त केल्यापासून गाडी बिनतक्रार चालते आहे. आईच्या रेडिएशनच्या सगळ्या खेपा वेळेवर झाल्या आणि कुंभार्ली घाटात एकदाही थांबावं लागलं नाही. हे फोनवर सांगितलं होतं, पण ‘बरं झालं ताई’ म्हणून तुम्ही विषय संपवलात आणि माझं बोलणं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही फॉल्ट कसा शोधलात हे चार लोकांना कळायला हवं.

वाचणाऱ्यांसाठी आधी गाडीचं दुखणं सांगते. चिपळूणहून निघून पोफळीपर्यंत गाडी छान जायची. घाट चढताना इंजिन तापलं की एकाएकी बंद पडायची. सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरायचं, पकडायचं नाही. थोडा वेळ थांबून बॉनेट गार झालं की पहिल्या सेल्फला चालू. पावसाचे दिवस, वळणावर धुकं, मागे ट्रक आणि शेजारच्या सीटवर उपचारांनी थकलेली आई. तुमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकीकडे पेट्रोल पंप बदलला. दुसरीकडे बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०३३५ हा कोड आला म्हणून क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनाचं फिरणं गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर, बदलला. दुखणं जिथल्या तिथे.

तुम्ही स्कॅनरला हातही न लावता मला विचारलंत, “ताई, बंद पडताना आरपीएमचा काटा कसा पडला? हळूहळू, का खाडकन?” खाडकन, मी म्हटलं. गाडी गिअरमध्ये होती, पुढे सरकत होती, तरी इंजिनाचे मिनिटाला फेरे दाखवणारा तो काटा शून्यावर. तुम्ही मान हलवलीत. “मग हे पेट्रोलचं काम नाही. चाकं इंजिनाला फिरवताहेत, इंजिन फिरतंय, पण कॉम्प्युटरला ते दिसतच नाहीये.” पेट्रोल संपत आलं किंवा पंप कमी पडला तर इंजिन गचके खातं आणि काटा त्याच्याबरोबर खाली येतो, हेही तिथेच सांगितलंत. पंप का बदलला गेला असेल याचाही उलगडा झाला. क्रँकचा सिग्नल तुटला की इंजिन थांबलं असं समजून कॉम्प्युटरच पंपाचा रिले, म्हणजे त्याचा विजेचा स्विच, बंद करतो. म्हणजे पंप बंद दिसायचा हे खरं, पण तो बिचारा चांगलाच होता.

माझ्या आधीच्या खर्चाबद्दल तुम्ही कुणालाही नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणालात की कोड पूर्ण वाचला पाहिजे. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. सेन्सर, त्याच्या दोन वायरी, त्यांच्यावरची जाळी, दोन्हीकडचे कपलर (वायरींचे जोड) आणि कॉम्प्युटरची पिन, एवढ्या वाटेत कुठेही बिघाड झाला तरी कोड तोच येणार.

मग मोजमाप सुरू झालं. बॅटरी १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना दहाच्या वर. इंजिनाचं अर्थिंग ठीक. सेन्सर खोलून मीटर लावलात, रोध ८६० ओहम. त्याला गरम हवेच्या गनने तापवलंत तसा आकडा चढत हजाराच्या पुढे गेला, आणि मला वाटलं सापडला चोर. तुम्ही म्हणालात, “तांबं तापलं की आकडा वाढणारच. सर्किट उघडलं असतं तर आकडा गायब झाला असता. हा चांगला आहे.” मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. तापमानाबरोबर तांब्याचा रोध वाढतो हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. त्याच नियमाने एक निर्दोष पार्ट पुन्हा बदलला जाण्यापासून वाचताना मी पहिल्यांदा पाहिला.

यानंतरचं काम पाहण्यासारखं होतं. सेन्सर परत बसवून तुम्ही मीटर कॉम्प्युटरकडच्या कपलरला जोडलात, म्हणजे सगळी वाट एकदम मोजली जाईल. तिथेही ८६०. मग एका हाताने हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, इंचाइंचाने चाचपत, हलवत, वाकवत निघालात. नजर मीटरवर, बोटं न बघता पुढे जात होती. इंजिनाच्या मागच्या अंगाला, एक्झॉस्टच्या (धूर बाहेर नेणाऱ्या गरम नळीच्या) पत्र्याजवळ तुम्ही हार्नेस जरासा ताणला आणि आकडा उडाला. सोडला, परत ८६०. ताणला, गायब. तुम्ही हसलात आणि पोराला ब्लेड आणायला सांगितलंत.

टेप सोडवून वायर दाखवलीत ती मला अजून दिसते. वरचं आवरण उन्हात वाळलेल्या रबरासारखं कडक झालेलं, पण कुठेही फाटलेलं नाही, त्यामुळे नुसतं बघून कळणं शक्यच नव्हतं. आत तांब्याच्या तारा हिरवट पडून तुटलेल्या आणि दोन-तीनच धरून राहिलेल्या. गार असताना तेवढ्यावर भागत होतं, कारण दोन तारा शाबूत असल्या तरी मीटर तोच आकडा दाखवतो. घाटात इंजिन जोर लावताना आपल्या बैठकीवर (माउंटवर) कलतं, वरून एक्झॉस्टची धग, की त्याही तारा एकमेकींना सोडायच्या. मूळ कारण त्याच्याही मागे निघालं. हार्नेस धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप जागेवर नव्हती, म्हणून तो पत्र्याकडे लोंबत होता. क्लिप नसती बसवली तर नवी वायरही काही महिन्यांत तशीच झाली असती.

तुटलेला भाग कापण्याआधी दोन्ही वायरींना वेगळ्या रंगाच्या टेपच्या खुणा केल्यात. मी कारण विचारलं तर म्हणालात, उलटसुलट जोडल्या तर गाडी कदाचित चालूही होईल, पण टायमिंग चुकेल. नुसता पीळ मारून टेप न गुंडाळता सोल्डर, वर उष्णतेने आवळणारी नळी, जाळी पुन्हा सलग, आणि तिचं अर्थिंग एकाच टोकाला, जेणेकरून ठिणगी देणाऱ्या कॉइलचा करंट या नाजूक सिग्नलमध्ये मिसळणार नाही.

सोल्डर गार होईपर्यंत तुम्ही टायमिंग समजावलंत, आणि माझ्या वर्गात इतकं स्पष्ट मी कधी सांगितलं असेल असं वाटत नाही. ठिणगी पडल्याबरोबर सगळं पेट्रोल पेटत नाही, आग पसरायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या काही अंश आधीच ठिणगी द्यावी लागते. फार आधी दिली तर इंजिन नॉक करतं, म्हणजे आतून ठकठकतं, उशिरा दिली तर ओढ जाते आणि एक्झॉस्ट तापतो. घरी येऊन मी गणित मांडलं. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे मारतो, म्हणजे एका अंशाला सेकंदाचा १८,००० वा हिस्सा मिळतो. एवढ्या बारीक वेळेचा हिशेब त्या दोन वायरींवर चालतो. तुमच्या उमेदीच्या काळात मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून, त्याच्या पॉइंटच्या फटीत मापाची पाती घालून टायमिंग लावायचे, हे तुम्ही किती आनंदाने सांगत होतात! काम बदललं, कान तोच राहिला असं मला तुमच्याकडे बघून वाटलं.

आणि शेवटी तो छोटा स्कोप, सिग्नलच्या लाटा पडद्यावर दाखवणारा. सेन्सरपुढे फिरणाऱ्या चाकावर ६० दात्यांची जागा, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले, हे तुम्ही सांगितलं होतंत. पडद्यावर प्रत्यक्ष दिसलं: एकसारख्या ५८ लाटा, मग एक मोकळी जागा, पुन्हा ५८. त्या मोकळ्या जागेपासून कॉम्प्युटर मोजायला लागतो, एका दात्याला सहा अंश. ॲक्सिलरेटर दिला की लाटा उंच व्हायच्या. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेलं प्रवर्तन, चुंबकीय क्षेत्र जितक्या वेगाने बदलेल तितका व्होल्टेज जास्त, हे मी इतकी वर्षं शिकवते आहे. तुमच्या शेडमध्ये, ग्रीस लागलेल्या बाकड्यावर ते हलताना बघून माझे डोळे भरून आले होते. तुम्हाला वाटलं आईच्या काळजीने. थोडं तेही होतं.

पैशांचं बोलते, रागावू नका. तुम्ही जे घेतलंत ते नव्या पंपाच्या किमतीपुढे काहीच नव्हतं. ‘पार्ट तर कुठला घातला नाही ताई, मग कशाचे घेऊ?’ असं म्हणालात. दादा, अर्धा दिवस तुम्ही शोधण्यात घालवलात, तेच तर काम! डॉक्टर औषध न देता नुसतं निदान करतो तेव्हा आपण त्याची फी मुकाट देतो. गाडीच्या बाबतीत मात्र डब्यातून निघालेल्या वस्तूचेच पैसे द्यायचे, ही आम्हा गिऱ्हाइकांची सवय वाईट आहे, आणि तिच्यामुळेच मीटर धरण्यापेक्षा पार्ट बदलणं परवडतं. यापुढे कुणी तुमच्याकडे आलं तर शोधण्याचे पैसे आधी सांगा. मी ज्यांना पाठवीन त्यांना मीच सांगून पाठवेन.

आईने तुमच्यासाठी कुळथाचं पीठ बांधून ठेवलं आहे. तुम्ही तिला आत पंख्याखाली बसवून चहा दिलात, आणि गाडी तयार झाल्यावर पोराला सोबत देऊन घाटाच्या तोंडापर्यंत चक्कर मारायला लावलीत, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

आता एक मागणं. आधी विनाकारण बदललेला जुना सेन्सर मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवला आहे. मिलिव्होल्टवर मीटर लावून त्याच्या तोंडापुढून स्क्रू-ड्रायव्हर झटकन नेला की आकडा हलतो आणि मुलं ओरडतात. त्यांना त्या ५८ लाटा बघायच्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर एखाद्या शनिवारी स्कोप घेऊन चिपळूणला याल का? गाडी मी पाठवते, मानधन कॉलेज देईल, आणि मुलांना कुठून सुरुवात करून सांगायचं ते तुम्हीच ठरवा. शनिवार सोयीचा नसेल तर दुसरा कुठलाही वार कळवा, मी तास बदलून घेईन.

तुमची,
चिपळूणची ताई