काकू, तुमच्या बिघडलेल्या ट्रेबद्दल आभार

प्रिय काकू,

तुम्हाला हे आवडणार नाही. 'आभार कसले मानतोस, दोन जिने तर चढले' असं म्हणाल आणि विषय बदलाल. म्हणून समोर न बोलता लिहितोय, तेही चारचौघांत. मध्येच थांबवायची सोय तुम्हाला ठेवलेली नाही.

त्या सकाळी जिन्यात तुम्ही मला गाठलंत तेव्हा माझ्या हातात गव्हांकुराचा पाचवा ट्रे होता. आधीचे चार कचऱ्यात गेले होते, हाही तिकडेच निघाला होता. "अरे, हे काय टाकतोयस?" मी म्हटलं, "परत बुरशी." तुम्ही ट्रे हातात घेतला नाहीत. नुसतं नाक खाली आणलंत, एकदा हुंगलंत, मग डोळे मिटून परत हुंगलंत. "मग बुरशीचा वास कुठाय?"

मला काही उत्तर सुचलं नाही. चार ट्रे फेकताना एकदाही वास घेऊन बघावं असं मनात आलं नव्हतं. आणि ज्यांना ज्यांना विचारलं होतं, त्यांच्यापैकीही कुणी वासाचं नाव काढलं नव्हतं.

त्यांची गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल. पहिला मान किट विकणाऱ्याचा. खोक्यावर हिरव्यागार गालिच्याचं चित्र, आत दोन ट्रे आणि एक चिटोरं. तिसऱ्या दिवशी दाण्यांभोवती पांढरं कापसासारखं काहीतरी दिसलं, म्हणून फोन केला. "पाणी जास्त झालं." पुढच्या वेळी पाणी कमी केलं, तर पांढरं आणखीच उठून दिसायला लागलं. परत फोन केला. "मग कमी झालं असेल." तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही.

दुसरे म्हणजे ते शिबिरवाले. 'गव्हांकुर म्हणजे हिरवं रक्त' असं त्यांनी तासाभरात किमान दहा वेळा सांगितलं असेल. हरितद्रव्याच्या आणि रक्तातल्या हीम या लाल द्रव्याच्या रेणूची ठेवण मिळतीजुळती आहे हे खरंच, एकाच्या मध्यभागी मॅग्नेशियम आणि दुसऱ्याच्या मध्यभागी लोह. पण तेवढ्यावरून प्यालेल्या रसाचं शरीरात रक्त होत नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी आपला मान डोलावत बसलो होतो. शेवटी धीर करून पांढऱ्या कापसाबद्दल विचारलं, तर म्हणाले, "तुमचा हात लागवडीचा नाही." चाळीस माणसांसमोर. लोक हसले, मीही हसलो.

आणि तिसरा, ज्याला मी अजून माफ केलेलं नाही, तो बियाणं देणारा. रस काढून प्यायचाय असं मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. त्याने गुलाबीसर दाणे मापून दिले. मला वाटलं, जात असेल वेगळी. उरलेली पुडी तुम्हाला माझ्या ओट्यावर दिसली तेव्हा तुमचा चेहरा बदललेला मला आठवतो. "हे पेरायचं बियाणं आहे रे. याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. चुकून कुणाच्या खाण्यात जाऊ नये म्हणूनच तर रंग देतात." पहिला ट्रे मी त्याच दाण्यांचा लावला होता. कापूस बघून घाबरलो आणि फेकून दिला, म्हणून वाचलो. अडाणीपणाचा फायदा झाल्याचा माझ्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग.

तर जिन्यातून तुम्ही मला उलटं फिरवून माझ्याच घरात आणलंत. ट्रे खिडकीपाशी ठेवायला लावलात, पाण्याचा फवारा मागितलात आणि म्हणालात, "आता नीट बघ." दोन फवारे मारलेत. तो पांढरा कापूस माझ्या डोळ्यांदेखत गायब झाला! मुळं तेवढी उरली, ओली आणि चकचकीत, बुरशीचं नावनिशाण नाही. "लव आहे ती, मुळांची लव. पाणी ओढायला फुटते. ओली झाली की मुळाला चिकटते, सुकली की परत फुलते."

मी खाली बसलो आणि पुष्कळ वेळ बघत राहिलो. पाणी सुकत आलं तशी लव पुन्हा उभी राहायला लागली. प्रत्येक मुळाभोवती चहूबाजूंनी सारखी, बाटली घासायच्या ब्रशासारखी, टोकाकडचा थोडासा भाग मात्र मोकळा. त्यातला एकेक केस म्हणजे मुळाच्या सालीवरची एकच पेशी, लांब वाढलेली. म्हणजे चार ट्रेपैकी निदान तीन मी धडधाकट असताना फेकले होते. आणि पाणी कमी केल्यावर 'बुरशी' का वाढायची, तेही आपोआप कळलं.

इथवरचं कुणीही जाणकार माणूस करू शकला असता. तुम्ही पुढे जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे.

"थांब जरा," म्हणून तुम्ही खाली गेलात. गुडघ्याला पट्टा, कठड्याला धरून एकेक पायरी. मला वाटलं औषध आणताय, नाहीतर पुस्तक. दहा मिनिटांनी परत आलात तेव्हा तुमच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक काळा ट्रे होता. तो माझ्या ट्रेशेजारी ठेवलात, कागद बाजूला केलात आणि म्हणालात, "हा माझा. वाया गेलेला. आज टाकणारच होते. आता याचा वास घे."

कुबट, बंद कपाटासारखा वास होता. मधल्या भागात राखाडी जाळं धरलेलं, कोळ्याच्या जाळ्यासारखं या दाण्यावरून त्या दाण्यावर गेलेलं, एका कडेला हिरवट निळी झाक. त्यावर तुम्ही फवारा मारलात. जाळं जरा दबलं, पण गेलं नाही. माझ्या ट्रेला ताज्या कापलेल्या गवताचा वास होता. दोन्ही ट्रे पुढ्यात ठेवून मी इकडचा वास, तिकडचा वास घेत बसलो. काकू, दोन महिन्यांत शेकडो चित्रं पाहून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या पाच मिनिटांत नाकाने शिकलो.

"दाणे दाट पडले माझ्याकडून," तुम्ही म्हणालात. "एकावर एक चढले. वर दमट हवा, खिडकी बंद. एवढी वर्षं लावतेय, तरी वर्षातून एकदा दोनदा होतंच."

काकू, तुमच्या खिडकीत हिरवेगार ट्रेही असतात, जाता येता मला दिसतात. त्यातला एखादा आणून 'असं यायला हवं' म्हणणं किती सोपं होतं. मला तोपर्यंत भेटलेल्या प्रत्येकाने तेच केलं होतं. तुम्ही आपला फसलेला ट्रे, लोक जो कागदात गुंडाळून गुपचूप टाकतात तो, दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने वर आणलात. कुणाला तरी फरक कळावा म्हणून. माझ्या हाताबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. तुम्ही खाली गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं, हे तुम्हाला माहीत नाही. इतकं काय त्यात, असं वाटेल. पण दोन महिने प्रत्येकाने मला माझीच चूक दाखवली होती, आणि स्वतःची चूक दाखवणारं पहिलं माणूस तुम्ही भेटलात.

हल्ली मला वाटायला लागलंय की चांगुलपणाच्या मोठ्या गोष्टी सांगणाऱ्यांपेक्षा 'माझंही बिघडतं' असं सहज म्हणणाऱ्या माणसांवर जग चाललंय. ती कमी आहेत असंही नाही, फक्त ती शिबिरं भरवत नाहीत. असो, भाषण नको. तुम्ही आत्ता चष्मा कपाळावर सारला असेल.

दुसरी गोष्ट बाबांची. हा सगळा खटाटोप मी त्यांच्यासाठी मांडला होता. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना अशक्तपणा आला होता आणि गव्हांकुराने सगळं भरून येतं असं मला दहा जणांनी सांगितलं होतं. निघता निघता तुमची नजर टेबलावरच्या गोळ्यांवर गेली. "ही रक्त पातळ ठेवायची ना? वॉरफरीन? मग रस द्यायच्या आधी डॉक्टरांना विचार. हिरव्या पानांत के जीवनसत्त्व असतं, ते या गोळीच्या उलट काम करतं. किती चालेल ते मला नाही सांगता येणार, त्यांनाच विचार." डॉक्टरांनी हीच काळजी बोलून दाखवली. आज रस, उद्या नाही, असं झालं की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, वरखाली होणार. नकोच म्हणाले.

'मला नाही सांगता येणार' हे वाक्य त्या दहा जणांपैकी एकाच्या तोंडून ऐकलं असतं, तरी मी त्याचे पाय धरले असते. नंतर उत्सुकतेपोटी थोडं वाचलं. 1930च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स श्नाबेल या कृषी रसायनतज्ज्ञाने कोवळं धान्यगवत कोंबड्यांना घालून पाहिलं, तिथून हे वेड सुरू झालं. पुढे अ‍ॅन विग्मोर यांनी गव्हांकुराचा रस घराघरांत पोचवला. त्याच बाईंवर 1988 मध्ये एड्स बरा करण्याच्या दाव्यांवरून मॅसॅच्युसेट्सच्या अ‍ॅटर्नी जनरलनी (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांनी) खटला भरला, आणि न्यायालयाने त्यांना स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायला मनाई केली. दुसरीकडे 2002 साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यासही सापडला. मोठ्या आतड्याच्या दाहाचे 23 रुग्ण, त्यातल्या काहींना रोज 100 मिलिलिटर रस आणि बाकीच्यांना नुसतं तसंच दिसणारं पेय, महिनाभर. त्यात फायदा दिसला. पण 23 माणसांचा एक महिना कुठे आणि 'सगळं भरून येतं' कुठे! तुम्ही यातलं काही वाचलेलं नसणार, तरी बरोबर तेवढंच बोललात जेवढं माहीत होतं.

आता इकडची खबर. त्या पाचव्या ट्रेची पाती दहाव्या दिवशी वीतभर झाली. एका पात्यातून दुसरं डोकावायला लागलं की कापायचं, हे तुमचं सांगणं लक्षात होतं. कात्रीने मातीलगत कापताना जो आवाज येतो ना, करकर, तो मला फार आवडला. मिक्सरमधून काढून फडक्याने गाळला. पहिल्या दिवशी हौसेने पेलाभर प्यालो आणि मळमळून तासभर आडवा पडलो. हे तुम्ही सांगितलं नव्हतंत. ठीक आहे, एक तरी चूक माझी मी शोधली. आता औषधाच्या टोपणाने मोजून 30 मिलिलिटर घेतो. चव? गवताचीच, वर थोडी गोडसर. अंगात बळ वगैरे काही आल्याचं जाणवलेलं नाही, पण सकाळी उठायला एक कारण झालंय.

आणि बाबा. त्यांना रस मिळत नाही, तरी ट्रे त्यांनी ताब्यात घेतलेत. पाणी तेच घालतात, दाणे तेच पसरतात, एकावर एक चढला तर बोटाने बाजूला करतात. सकाळी खुर्ची ओढून खिडकीशी बसतात, कारण त्या वेळी प्रत्येक पात्याच्या टोकावर पाण्याचा एकेक थेंब असतो. मी दव म्हणालो तर मलाच ऐकवलं, "घरात कुठलं दव? रात्री मुळं पाणी ओढतात, जास्तीचं टोकातून बाहेर येतं. काकूंनी सांगितलं." तुम्ही त्यांना हे कधी सांगितलंत, मला पत्ता नाही. शस्त्रक्रियेनंतर इतकी वाक्यं ते एका दमात बोलले, ती त्या दिवशी पहिल्यांदा.

तुमचा तो काळा ट्रे अजून माझ्याकडेच आहे. गरम पाण्याने घासला, दोन दिवस कडक उन्हात ठेवला. परत द्यायचा म्हणून दारापाशी काढून ठेवला होता. काल बघतो तर बाबांनी त्यात दाणे पसरलेत, सुटे सुटे. त्यामुळे तो तुम्हाला आता दहा दिवसांनी मिळेल, भरलेला. वर येऊ नका, मी घेऊन येतो.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा, ट्रे फेकणारा