एक किलोमीटरवर हरवलेला सिग्नल

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यावर बराच वेळ तुझंच डोक्यात घोळत होतं. लेसरच्या उजेडावर चढवलेला ६० गिगाहर्ट्झचा सिग्नल टेबलावरच्या पॅचकॉर्डमधून, म्हणजे फायबरच्या छोट्या तुकड्यातून, स्वच्छ येतो, मध्ये १ किलोमीटर फायबरचं रीळ घातलं की गायब. तीन दिवस तू कनेक्टर पुसतोयस, सांधे पुन्हा करतोयस. पण पॉवरमीटरवर उजेड पुरेसा दिसतो, हेही तूच म्हणालास. मग सांध्यांना आता हात लावू नकोस. किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास घट होते, तेवढ्याने सिग्नल नाहीसा होत नाही.

केबलवरच्या नोकरीत एका पावसाळी रात्री मीही खड्ड्यात बसून सगळे सांधे तोडून नव्याने जोडले होते. सकाळी दोष निघाला टोकाच्या यंत्रात. तेव्हापासून मी आधी हेच बघते, की उजेड पोचत नाहीये, की उजेडावर चढवलेलं पोचत नाहीये?

तुझा मॉड्युलेटर, म्हणजे उजेडावर सिग्नल चढवणारं यंत्र, मूळ प्रकाशाच्या दोन्ही अंगांना एकेक पट्टा उभा करतो, एक ६० गिगाहर्ट्झ वर, एक तेवढाच खाली. काचेत प्रत्येक तरंगलांबीचा वेग किंचित निराळा, म्हणून निघताना जुळलेली पावलं वाटेत चुकतात. डिटेक्टरवर दोन्ही पट्टे मूळ प्रकाशाशी मिळून तोच सिग्नल देतात, पण एकाचा चढ तिथे दुसऱ्याचा उतार. बेरीज शून्य! १५५० नॅनोमीटरला, नेहमीच्या फायबरमध्ये दर किलोमीटरला, तरंगलांबीतल्या दर नॅनोमीटर फरकामागे १७ पिकोसेकंदांची तफावत धरून मी हिशेब केला. पहिलं शून्य १ किलोमीटरच्या जरासं पुढे येतं. १० गिगाहर्ट्झला तेच ३६ किलोमीटरच्या पुढे जातं.

उपाय तुझ्या हातातल्या बायसच्या, म्हणजे मॉड्युलेटरला दिलेल्या स्थिर व्होल्टेजच्या, बटणात आहे. मॉड्युलेटरमधल्या लिथियम निओबेट स्फटिकाच्या दोन वाटांतला प्रकाश परत मिळताना एकमेकाला पुसून टाकेल, अशा बिंदूवर बायस आण. मूळ प्रकाश दबतो, दोन पट्टे उरतात. मग ३० गिगाहर्ट्झ दिलेस तरी त्यांच्यात अंतर ६० चं, आणि खोडून काढायला तिसरा कोणी नाही. फक्त मॉड्युलेटर तापला की हा बिंदू सरकतो, त्यावर नजर ठेव.

पण त्याआधी, आत्ताच्याच बायसवर, आणखी एक किलोमीटरचं रीळ जोड. हिशेब बरोबर असेल तर २ किलोमीटरवर सिग्नल परत येईल. आला की फोन कर, रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

तुझी,
आई